श्राउड पुन्हा पुन्हा सैल पडतात? पाना हातात घेण्याआधी हे वाचा

ऑक्टोबरात बोट पाण्यात उतरते, मास्ट (डोलकाठी) उभी राहते, तिला धरणाऱ्या तारा ताणून होतात. दिवाळीपर्यंत तक्रार नसते. मग एका रविवारी दोनापावलाहून परत येताना कुणीतरी सहज हात लावतं आणि कळतं, की उजवीकडची श्राउड, म्हणजे मास्टला बाजूने धरणारी तार, लुळी पडली आहे. तार आवळायचा स्क्रू, म्हणजे टर्नबकल, दोन फेरे फिरवला, काम झालं. पंधरवड्याने पुन्हा तेच, पुन्हा दोन फेरे. शिमग्याच्या सुमारास टर्नबकलचे आटे संपत येतात आणि मालक विचारतात, "तार लांबली वाटतं, नवीन टाकू या का?"

तार अशी लांबत नसते. आपल्याकडच्या बहुतेक बोटींवर एकोणीस बारीक तारा पिळून केलेली स्टेनलेसची तार असते. शिडाचा ताण आला की ती किंचित ताणली जाते आणि ताण गेला की परत मूळ लांबीवर येते. नवी तार मात्र पहिल्या काही सफरींत 'बसते': आतल्या तारा एकमेकींत घट्ट रुतल्यामुळे थोडी लांबी वाढते. तेव्हा एकदा, फार तर दोनदा ताणून घ्यावं लागतं आणि विषय संपतो. तार दोन-तीन हंगाम जुनी आहे आणि तरीही दर महिन्याला पाना लागतो आहे, तर बोटीत कुठेतरी काहीतरी सरकतंय. टर्नबकलचा प्रत्येक फेरा ते सरकणं झाकून टाकतो. म्हणून आधी शोध, मग पाना.

सगळाच सैलपणा दोष नसतो

वाऱ्यावर बोट कलली की वाऱ्याआडच्या बाजूची श्राउड थोडी ढिली पडणारच. सगळा भार वाऱ्याकडच्या तारेने घेतलेला असतो. साधारण वाऱ्यात, बोट पंधरा-वीस अंश कलली असताना ती तार नुसती मऊ पडत असेल तर ठीक. ती लोंबकळून झोके घेत असेल आणि प्रत्येक लाटेला मास्टचं टोक इकडून तिकडे झटका खात असेल, तर ताण कमी आहे. धातू थकतो तो या झटक्यांनी.

बोट कोणती हेही बघा. लेझर आणि ऑप्टिमिस्टला श्राउडच नसतात, तेव्हा ती मंडळी हे वाचून वेळ घालवत नसतील अशी आशा आहे. होबी 16 वर मास्ट फिरती असते आणि तारा मुद्दाम ढिल्या ठेवतात. तिथे कीलबोटीसारख्या (तळाशी जड कणा, म्हणजे कील, असलेल्या बोटीसारख्या) कडक तारा करायला गेलात तर मास्ट फिरणारच नाही. 420, एंटरप्राइज, जीपी 14 अशा दोघांच्या डिंगीवर (छोट्या होडीवर) वेगळाच घोटाळा होतो. तिथे श्राउड खाली भोकांच्या पट्टीत पिन घालून कायमच्या लावलेल्या असतात आणि मास्टला ताण येतो तो जिबच्या (पुढच्या छोट्या शिडाच्या) हॅलियार्डने, म्हणजे शीड चढवायच्या दोराने. मास्टला पुढून धरणारा फोरस्टे फक्त जिब खाली असताना मास्ट पडू नये म्हणून असतो. अशा डिंगीवर श्राउड सैल झाल्या की लोक श्राउडची भोकं बदलत बसतात. खरा चोर मात्र हॅलियार्ड असतो: एकतर दोर पकडणाऱ्या क्लीटचे दात झिजून दोर घसरतोय, नाहीतर तारेऐवजी स्वस्तातला ताणला जाणारा दोर घातलाय. जिब चढवल्यावर हॅलियार्डवर मार्करने रेघ मारा, तासभर फिरून या, रेघ कुठे गेली ते बघा. डिंगीवाल्यांपैकी बऱ्याच जणांचा प्रश्न इथेच सुटतो.

पुढचं सगळं कायमच्या ताणलेल्या तारांच्या बोटींसाठी.

मोजायचं कसं

"घट्ट आहे" हे माप नव्हे. प्रत्येकाच्या हाताचा घट्टपणा वेगळा. ताण मोजायची यंत्रं मिळतात, पण एकोणीस तारांच्या स्टेनलेस तारेला एक सोपी रीत लागू पडते आणि तिला दोन मीटरची घडीची पट्टी पुरते. तार नुसती हाताने ओढण्याइतकी ढिली असताना पट्टीचं वरचं टोक तारेला चिकटपट्टीने पक्कं बांधा. पट्टीचं खालचं टोक मोकळं राहू द्या आणि ते जिथे येतं तिथे तारेवर खूण करा. आता टर्नबकल आवळत जा. तार ताणली जाईल, खूण पट्टीच्या टोकापासून खाली सरकेल. दोन मीटरमागे 1 मिलिमीटर सरकली की तारेवर तिच्या तुटण्याच्या भाराच्या 5 टक्के ताण आला. 3 मिलिमीटर म्हणजे 15 टक्के. तार 4 मिलिमीटर जाडीची असो की 8, हिशोब तोच. तारांऐवजी सळया असलेल्या रिगिंगला मात्र हा आकडा लागू नाही.

बोट बांधणाऱ्याने दिलेला आकडा असेल तर तोच पाळा. नसेल तर मी वरच्या (मास्टच्या टोकाकडे जाणाऱ्या) श्राउडना 15 ते 20 टक्क्यांच्या आत ठेवतो. दोन्ही बाजू आळीपाळीने, सारखे फेरे मोजत आवळायच्या. एकाच बाजूने आवळत गेलात तर मास्टचं टोक त्या बाजूला जातं. ती सरळ आहे का हे बघायला मोठ्या शिडाच्या हॅलियार्डला मोजपट्टी बांधून टोकापर्यंत चढवा आणि दोन्ही काठांवर, चेनप्लेटच्या (श्राउड बोटीला जिथे लागते त्या पट्टीच्या) अगदी तशाच जागी टेकवून माप घ्या. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत.

मोजायचं ते सकाळी, रोज त्याच सुमाराला. ॲल्युमिनियम उन्हात स्टेनलेसपेक्षा जास्त फुगतं. दहा मीटरची मास्ट आणि पहाट ते दुपार तेरा अंशांचा फरक धरला तर मास्ट जवळजवळ 3 मिलिमीटर वाढते आणि तार 2 मिलिमीटर. म्हणजे दुपारी सगळं थोडं घट्ट, पहाटे थोडं सैल. फरक एखाद्या मिलिमीटरचाच, पण एकदा डिसेंबरच्या पहाटे आणि एकदा मेच्या भर दुपारी मोजून "सैल झाली" म्हणणाऱ्यांना तेवढा पुरतो.

चार खुणा

एवढं झालं की चार ठिकाणी खुणा करून ठेवायच्या. नेलपॉलिश सगळ्यात चांगलं. मार्कर खाऱ्या पाण्यात आठवड्यात पुसट होतो.

पहिली खूण टर्नबकलवर: मधल्या बॉडीपासून वरच्या आणि खालच्या स्क्रूवर जाणारी एक सरळ रेघ. शिवाय बाहेर दिसणाऱ्या आट्यांची लांबी व्हर्नियरने मोजून वहीत लिहा. दुसरी, तार जिथे खालच्या टर्मिनलमध्ये (टोकाच्या धातूच्या नळीत) शिरते तिथे तारेवर तोंडाला लागून बारीक रेघ. तिसरी, चेनप्लेट डेकमधून जिथे वर येते तिथे, डेकच्या पातळीला. चौथी, मास्टच्या बुडाशी: मास्टवर एक खूण आणि तिथून खाली कीलपर्यंत किंवा तळाच्या एखाद्या पक्क्या जागेपर्यंतचं माप.

दोन-तीन सफरी करा. पाना पेटीतच राहू द्या, मोह झाला तरी. मग परत बघा.

वाचायची रीत अशी. एकच तार सैल झाली असेल तर दोष त्याच तारेच्या वाटेवर आहे: टर्नबकल, टर्मिनल, चेनप्लेट, स्प्रेडर (श्राउड मास्टपासून बाहेर ढकलून धरणारा आडवा दांडा) किंवा वरचा मास्टवरचा जोड. डावी-उजवी दोन्ही सारख्याच सैल आणि फोरस्टे आणि मागून धरणारा बॅकस्टेही मऊ पडले असतील तर एकतर मास्ट खाली गेली आहे किंवा बोटीचा तळ वाकतोय. खालच्या श्राउड टणक आणि फक्त वरच्या सैल, तर स्प्रेडरकडे नजर लावा.

टर्नबकल आपोआप उघडतो

मांडवीत नांगरलेल्या बोटींना ही व्याधी फार. बोट वाऱ्यावर चालवत असताना टर्नबकल सहसा फिरत नाही, कारण त्याच्यावर भार असतो. फिरतो तो नांगरावर. खनिजाचे बार्ज जातात, कॅसिनोंना माणसं पोचवणाऱ्या बोटी दिवसरात्र फिरतात, संध्याकाळी नदीसफरीच्या क्रूझ बोटी निघतात. प्रत्येकीची लाट आडवी येते, मास्ट डुलते, तार ताणली जाते आणि सुटते, ताणली जाते आणि सुटते. अशा वेळी कुलूप न लावलेला टर्नबकल रात्रभरात थोडाथोडा उघडत जातो. झुआरीतही बार्ज असतात, पण पणजीसमोरची रहदारी वेगळीच.

खूण सरकली असेल तर कारण कळलं. पण नुसतं आवळून थांबू नका. कुलूप म्हणजे स्प्लिट पिन, नाहीतर स्टेनलेसची बांधायची बारीक तार दोन्ही स्क्रूंच्या भोकांतून आणि बॉडीतून ओवून. लॉकनटवर मी विश्वास ठेवत नाही. तो घट्ट वाटतो, आतून ढिला होतो आणि बाहेरून काही कळू देत नाही. स्प्लिट पिनचे पाय पार मागे मुडपून टाकायचे नसतात. वीस-तीस अंश उघडले की पुरे, म्हणजे हंगामाच्या शेवटी त्या न मोडता निघतात. पिनेची टोकं शिडाला आणि पोटरीला लागू नयेत म्हणून वर टेपचा एक वेढा, पण टर्नबकल संपूर्ण टेपमध्ये गुंडाळून ममी करू नका. आत पाणी साचतं आणि गंज दिसायचा बंद होतो.

आणखी एक. स्टेनलेसचे आटे कोरडे असताना भाराखाली फिरवले की धातू धातूला चावतो आणि टर्नबकल जाम होतो. मग तो कापावाच लागतो. लॅनोलिन किंवा जाड मरीन ग्रीस लावा. सगळ्या गोव्यात कुठेही मिळणारा तो निळा-पिवळा स्प्रे इथे कामाचा नाही, तो आठवड्यात उडून जातो.

टर्नबकलच्या खाली टॉगल आहे ना, हेही बघून घ्या. टॉगल म्हणजे तो छोटा सांधा, ज्यामुळे टर्नबकल सगळ्या दिशांना झुकू शकतो. तो नसेल तर नांगरावरचा प्रत्येक हेलकावा स्क्रूलाच वाकवतो आणि एक दिवस स्क्रू आट्यांच्या मुळाशी तुटतो. सैल तार बघायला गेलेल्या माणसाला वाकलेला स्क्रू सापडणं ही नशिबाची गोष्ट समजा.

मास्ट खाली बसते आहे

हा भाग लोक सगळ्यात कमी तपासतात आणि मला सगळ्यात जास्त सापडतो.

बेतीच्या बाजूला नांगरलेली एक 26 फुटी जुनी फायबरची बोट. मालकांची तक्रार नेहमीचीच: "दोन्ही बाजूंनी ढिली होते, आम्ही महिन्यातून एकदा आवळतो." टर्नबकलच्या खुणा जागच्या जागी. चेनप्लेटच्या खुणाही. पण केबिनमधल्या शौचालयाचं दार हल्ली घासून बंद होत होतं आणि दार नवीन बसवायला सुतार बोलवायचा विचार चालला होता. सुताराचं काम नव्हतंच. या बोटीची मास्ट डेकवर उभी होती आणि डेकखाली लाकडी खांब तिचा भार कीलवर नेत होता. तारा आवळल्या की मास्ट खाली दाबली जायची, डेक खाली यायचं, दाराची चौकट तिरकी व्हायची.

तारा सोडून, मास्ट उतरवून बुडाची प्लेट काढली तेव्हा डेकच्या दोन फायबरच्या थरांमधलं प्लायवूड काळं पडलं होतं आणि स्क्रूड्रायव्हरला भिजलेल्या पावासारखं लागत होतं. पाणी शिरलं होतं ते मास्टच्या दिव्याची वायर नेण्यासाठी पाडलेल्या भोकातून. ते भोक सीलंटने बंद केलेलं होतं, पण कापलेल्या प्लायवूडच्या कडेला इपॉक्सी लावलेलं नव्हतं. सीलंट ऊन-पावसात फाटतंच, मग उघड्या प्लायवूडला पाणी पिण्यापासून कोण अडवणार? दुरुस्ती मोठी नव्हती: वरचा थर कापला, सडलेलं सगळं खरवडून काढलं, वाळू दिलं, त्या जागी भरीव फायबरची जाड चकती इपॉक्सीत बसवली, वरून पुन्हा थर. वेळ लागला तो वाळवण्यात. मान्सून संपल्यावर लगेच ही कामं काढू नका. हवेतच इतका दमटपणा असतो की लाकूड आतून सुकतच नाही. जानेवारी-फेब्रुवारी त्याला बरा.

अशीच दुसरी जागा म्हणजे त्या खांबाचा पाय. तो बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळाशी साचणाऱ्या, पाण्यात उभा असतो. वरून पॉलिश चकचकीत, खालचे दोन इंच मऊ. टॉर्च घेऊन खाली वाका आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. धड लाकूड टणत्कार देतं, सडलेलं भदभद वाजतं. मास्ट थेट कीलवर उभी असेल तर ॲल्युमिनियमचं बूड आणि स्टेनलेसचे बोल्ट यांच्यामध्ये खारं पाणी साचून ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं खाल्लं जातं. तिथे दोन धातूंना वेगळं ठेवणारी ड्युरॅलॅकसारखी पेस्ट आणि खाली पाणी निघून जायला भोक, दोन्ही लागतं.

बुडाचं माप बदललेलं नाही, दारही नीट बंद होतं, तरी दोन्ही बाजू सैल होत असतील तर तळाचा संशय घ्यावा. जुन्या हलक्या बोटींचा तळ बॅकस्टे फार ताणला की केळ्याच्या आकारात वाकतो. तिथे उपाय म्हणजे कमी ताण आणि नाळेपासून मागच्या टोकापर्यंत दोरी ताणून तिच्यापासून डेकचं अंतर मोजत राहणं. तो मजबूत करायचा खर्च बोटीच्या किमतीपेक्षा जास्त असतो.

चेनप्लेट, स्प्रेडर आणि वरचा जोड

चेनप्लेट डेकपाशी सरकली असेल तर खाली आतून बघा. जिथे ती बल्कहेडला (बोटीतल्या आडव्या भिंतीला) बोल्टने लावलेली असते, तिथे लाकडावर तांबूस ओघळ आहेत का, बोल्टची भोकं लांबट झाली आहेत का? ओघळ दिसले तर चेनप्लेट बाहेर काढूनच बघावी. स्टेनलेसला गंज न येण्यासाठी हवा लागते. डेकच्या आत, सीलंट आणि लाकूड यांच्यामध्ये ओल आहे पण हवा नाही, तिथे ते खोलवर आणि गुपचूप गंजतं. बाहेरून चकचकीत आणि मध्यभागी अर्धी खाल्लेली चेनप्लेट मी हातात धरलेली आहे.

स्प्रेडरच्या टोकाने श्राउडचा कोन बरोब्बर दुभागला पाहिजे. ते किंचित खाली झुकलेलं आणि टोकाचा बंध ढिला असेल तर प्रत्येक झटक्यात स्प्रेडर थोडा खाली घसरतो आणि वरची श्राउड सैल होते. खालून हे कळणं अवघड. फोनच्या कॅमेऱ्याने झूम करून दोन्ही बाजूंचे फोटो घ्या आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. सैल तारांच्या मास्टवर चढून बघायची घाई नको.

वरचा जोड म्हणजे श्राउड मास्टला जिथे लागते तो बोल्ट किंवा पट्टी. त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. 2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत (एकट्याने, न थांबता जगप्रदक्षिणा) आपल्या अभिलाष टॉमींची, गोव्यात बांधलेली 'तुरीया' सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागराच्या वादळात सापडून तिची मास्ट मोडली, हे सगळ्यांना आठवतं. त्याच शर्यतीत पुढे असलेल्या ज्याँ-लुक व्हॅन दें हीद यांची बोट नोव्हेंबरमध्ये पॅसिफिकमध्ये उलटली, तेव्हा काय झालं हे कमी जणांना माहीत असतं. त्यांची मास्ट उभी राहिली, पण खालच्या श्राउड ज्या बोल्टवर होत्या तो बोल्ट मास्टची भिंत कापत सुमारे 5 सेंटिमीटर खाली आला आणि तारा ढिल्या पडल्या. त्यांनी मास्टवर चढून तो जोड दोऱ्यांनी बांधला, पुढचा हजारो मैलांचा प्रवास जपून केला आणि जानेवारी 2019 मध्ये शर्यत जिंकली. त्यांनी सैलपणा टर्नबकलने ओढून घेतला असता तर तो बोल्ट मास्टची भिंत आणखी कापत गेला असता. आपल्या समुद्रात तशा लाटा नाहीत, पण पातळ ॲल्युमिनियमच्या भिंतीत लांबट होणारं भोक इथेही तयार होतं. त्याच्याभोवती काळसर भुकटी दिसली तर समजा, धातू धातूवर घासतोय.

टर्मिनलमध्ये तार घसरत असेल तर

इथे पोस्ट थांबवून बोट थांबवा. दुसरी खूण, म्हणजे टर्मिनलच्या तोंडाशी केलेली रेघ, बाहेर आली असेल तर तार आतून निसटते आहे. आवळण्याचा प्रश्नच नाही, तार बदला.

खूण जागेवर असली तरी भिंग घेऊन खालच्या टर्मिनलचं तोंड बघा. वरच्या टर्मिनलचं तोंड खाली असतं, पाणी गळून जातं. खालच्याचं तोंड वर असतं आणि तारेवरून ओघळणारं प्रत्येक थेंब पाणी, मीठ घेऊन, तिथे उतरतं. गोव्यात पाऊस चार महिने आणि खारा वारा बारा महिने. त्यामुळे खालच्याच टर्मिनलला आधी बारीक उभी चीर जाते. उघड्या डोळ्यांना ती ओरखड्यासारखी दिसते. वेल्डिंग तपासणाऱ्यांकडे डाय पेनिट्रंटचे डबे असतात: लाल द्रव फवारायचा, पुसायचा, वर पांढरा फवारायचा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. एकोणीसपैकी एक जरी बारीक तार तुटून बाहेर आली असेल तर ती पूर्ण श्राउड गेली असं धरा. आणि एक गेली तर तिची जोडीदारही त्याच वयाची आहे.

नवीन तार घेताना स्टेनलेसचा प्रकार '316' असं लिहून घ्या. दुकानदार चुंबक लावून दाखवेल आणि म्हणेल, "बघा, चिकटत नाही, अस्सल माल." चुंबक 304 या साध्या स्टेनलेसलाही नीट चिकटत नाही, मग त्यावरून 316 कसं ओळखणार? 316 मध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून ती खाऱ्या पाण्यात टिकते. ते ओळखायचे थेंब मिळतात, नाहीतर बिल आणि सर्टिफिकेट मागा.

दोराची रिगिंग

जुन्या फत्तेमारीवर (शिडाच्या मालवाहू गलबतावर) ही तक्रार कुणी केलीच नसेल, कारण तिथे तारा कायमच्या ताणून ठेवायची पद्धतच नव्हती. पुढे झुकलेली डोलकाठी, तिच्यावर तिरकं लांब शीड. डोलकाठीला धरणारे दोर वाऱ्याकडच्या बाजूला लावायचे, बाजू बदलली की सोडून पलीकडे न्यायचे. शीड चढवायचा जाड दोर कप्प्यांतून मागे बांधला की तोच मागून आधार द्यायचा. दोर सैल होणार हे गृहीत धरून रोजच्या कामात आवळणं बसवलेलं. काथ्या किंवा तागाचा दोर भिजला की फुगतो आणि लांबीला आखडतो, वाळला की सैल पडतो. पावसाच्या तोंडावर दोर थोडे ढिले सोडायचे हे तांडेल न सांगता करायचे. 21 मे 2025 ला कारवारला नौदलात दाखल झालेली, काथ्याने शिवलेली 'कौंडिण्य' गोव्यातच बांधली गेली. अजिंठ्याच्या चित्रावरून घेतलेली तिची चौकोनी शिडं ज्यांनी बघितली असतील त्यांना या दोरांची वागणूक नव्याने शिकावी लागते म्हणजे काय, ते समजेल.

आज हौशी लाकडी होड्यांवर काथ्याच्या जागी मालीमच्या जेट्टीजवळ मिळणारी निळी-हिरवी दोरी बांधतात. जाळ्यांना ती उत्तम. डोलकाठीला नको. ती पॉलिप्रॉपिलीन असते: गुळगुळीत म्हणून गाठ सरकते, उन्हात वर्षभरात तुसं निघतात आणि भाराखाली लांबत जाते. तिथे पॉलिएस्टरचा दोर घ्या.

डायनिमा (कृत्रिम धाग्याचा दोर) मात्र वेगळ्या कारणाने फसवतो. तारेइतका, किंबहुना जास्त मजबूत, म्हणून श्राउड आणि त्यांच्या खालच्या बांधण्या हल्ली डायनिमाच्या करतात. पहिल्यांदा तो गुंफलेल्या टोकांत बसतो, ते ठीक. पण सतत भाराखाली तो हळूहळू कायमचा लांबतो, आणि उष्णतेत जास्त वेगाने. थंड देशांतल्या तक्त्यावरून जाडी निवडली तर आपल्या मे महिन्यात तो सैल पडत राहील. इलाज म्हणजे ताकदीवरून नव्हे तर लांबण्यावरून जाडी ठरवणं, म्हणजे तारेच्या जागी नेमका तेवढ्याच ताकदीचा दोर न घेता एक-दोन माप जाड घेणं, आणि कमी लांबणारा ताणून-तापवून तयार केलेला प्रकार मागणं. शिवाय डायनिमा उन्हात किंचित आखडतो आणि मास्ट फुगते, त्यामुळे त्याच्यावर दुपारचं माप तर मुळीच घेऊ नका.

पाऊस येण्याआधी

जूनमध्ये ट्रॉलर जेट्टीला लागले की तुमचीही मास्ट उतरवा. उभी ठेवून बोट झाकली तर चार महिने वाऱ्यात तारा थरथरत राहतात. उतरवता येणारच नसेल तर टर्नबकल चार-पाच फेरे सैल करा, पण पूर्ण सोडू नका आणि किती फेरे ते वहीत लिहा. उतरवलेल्या मास्टला दोन्ही टोकांना आणि मधे आधार द्या. तारा गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, मोठ्या वेटोळ्यात ठेवा, लहान वेटोळ्यात घडी पडते. मास्ट भरती पूर्ण असताना, सकाळी वारा पडलेला असतानाच उतरवा आणि बार्ज जाऊन लाट शांत होईपर्यंत थांबा. खुणांवरचं जुनं नेलपॉलिश तसंच राहू द्या, ऑक्टोबरात तीच खूण परत जुळवायची आहे.